डाव्या कानातलं गाणं

इअरफोनचा उजवा कान ईदच्या सुट्टीतच मेला.
तेव्हापासून गाणं डाव्या कानात
आणि उजव्या कानात सहा नंबरची बस,
तिचा खोकणारा एसी,
शेजारी जिन्सी, पुटपुटत: कार्बन आणि त्याची संयुगं.

आज रविवार, म्हणजे आमचा सोमवार.
गावाकडे आत्याला याचं फार हसू येतं.
"तुमचं कुवेतवाल्यांचं सगळं उलटंच गं बाई."

व्हिडिओ मी बघते बाथरूममध्ये, बादली पालथी घालून,
आवाज पूर्ण बंद.
बाबांची रात्रपाळी. बाहेर एकच खोली,
तिथे दिवसभर पडदे ओढलेले
आणि आई भांडीसुद्धा कुजबुजत घासते.
गाणं असं मुकं बघितलं की कळतं
किती धडपडतायत सगळे.
नुसती तोंडं उघडतात, मिटतात,
बाजारातल्या हौदातल्या माशांसारखी.

त्यांच्या शाळेत फळ्यावर कधीच काही लिहिलेलं नसतं.
डबा कुणाचाच गळत नाही.
(माझा गळतो. मटकीची उसळ, खुबूसमध्ये गुंडाळलेली,
भूगोलाच्या वहीवर पिवळा अरबी समुद्र.)
वारा येतो तो फक्त तिच्याच केसांना लागतो,
मागच्या चाळीस मुली जशाच्या तशा.

एकदा मोजलं मी:
पहिल्या मिनिटात एकेचाळीस तुकडे.
दीड सेकंदापेक्षा जास्त कुणाकडे बघायचं नाही
असा नियमच असावा त्यांचा.

एकात वाळवंट होतं. लाल झगा, लांबच लांब,
आणि ती अनवाणी.
जिन्सी म्हणाली, जुलैत दुपारी चालून दाखव म्हणावं.
आमची वाळू अशी उभी राहत नाही फोटोला.
ती खिडकीच्या फटीतून येते,
घडी केलेल्या चादरीत, पट्टीच्या आकड्यांत, जिभेवर.
सोनेरी तर मुळीच नाही.
ओलं फडकं फिरवायचं काम माझ्याकडे आहे,
मला विचारा तिचा रंग.

तरीपण, धुळीमुळे शाळा बंद झाली त्या दिवशी
आकाश नारिंगी झालेलं बघून
मी बाल्कनीत गेले आणि ओढणी सोडली वाऱ्यावर.
समोरच्या इमारतीवर कॅमेरा आहे असं धरून
हळूच मान वळवली.
आईने दंडाला धरून आत ओढलं.
रात्रीपर्यंत दात कचकचत होते.

आणि आज सिग्नलला
आमच्या बसला खेटून कंपनीची पांढरी बस.
निळे डगले, रांगेने झोपलेले.
माझ्या अगदी समोर एक जण, काचेवर कपाळ टेकून,
तोंड किंचित उघडं.
हुकाला अडकवलेली त्याची डब्याची पिशवी
गाण्याच्या तालावर डोलत होती.
म्हणजे इंजिनाच्या. पण बरोबर तालावर.

मी वाट बघत होते, आता कापतील,
आता दुसरं काहीतरी दाखवतील.
कुणी कापलं नाही.
भुवईवर जुना टाका. कानामागे पेन्सिल, झोपेतही.
काचेवर कपाळाचा तेलकट गोल,
कालचाही असेल, परवाचाही.

मग तो जागा झाला आणि थेट माझ्याकडे बघितलं.
मी चोरी पकडल्यासारखी गोठले.
त्याने खिशातून कंगवा काढला.
भांग पाडला, सावकाश, उजवीकडून.
कॉलर नीट केली. मान तिरकी करून
हसून बघितलं कसं दिसतं ते,
नाही आवडलं, परत गंभीर झाला.

तेव्हा कुठे लक्षात आलं.
आमच्या बसच्या काचा काळ्या.
त्याला मी दिसतच नव्हते.
त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर
वेणी, टाय आणि अर्ध्या इअरफोनसकट
मी त्याचा आरसा होऊन बसले होते,
हलायचीही भीती वाटत होती.

सिग्नल सुटला.
गाणं कधी संपलं होतं कुणास ठाऊक.
जिन्सी अडकली होती: मिथेन, इथेन, प्रोपेन...
प्रोपेन...

ब्युटेन, मी म्हटलं.